दगडू, धोंडिबा आणि पिएर

घरात बाळ जन्मलंय. पाळणा सजलाय. आत्या बाळाच्या कानाशी वाकली आणि तिने नाव सांगितलं, ‘दगड’!

हसलात ना? आता एक काम करा. धाराशिव जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात, परंड्यापासून उमरग्यापर्यंत कुठेही, पारावर बसलेल्या एखाद्या आजोबांना त्यांच्या वडिलांचं आणि चुलत्यांचं नाव विचारा. दगडू, धोंडिबा, धोंडिराम ही नावं लवकरच कानावर येतील. आजीला तिच्या सासूचं आणि आत्याचं नाव विचारलंत, तर दगडाबाई, धोंडाबाईही भेटतील. धोंडा म्हणजे दगडच. ही नावं धारण करणारी माणसं साधीसुधी नव्हती बरं का! स्त्रियांच्या शिक्षणासाठी अख्खं आयुष्य देणाऱ्या महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो. १८५७ च्या लढ्यातल्या नानासाहेब पेशव्यांचं नाव धोंडोपंत. आणि पुण्याच्या प्रसिद्ध गणपतीला ज्यांचं नाव मिळालं, ते हलवाई दगडूशेठ!

इथून सात हजार किलोमीटरच्या आसपास दूर असलेल्या फ्रान्स देशातही एक जुनं, आवडतं नाव आहे, पिएर. आणि फ्रेंच भाषेत ‘पिएर’ म्हणजे काय, माहीत आहे? दगड! रस्त्यात ठेच लागते तो पिएर आणि शाळेत शेजारच्या बाकावर बसतो तोही पिएर.

मग प्रश्न पडतो. हे नाव त्यांनी आपल्याकडून घेतलं, की आपण त्यांच्याकडून? की दोघांनाही ते आपापलं सुचलं? चला, या नावाचा माग काढू या. वाटेत आपल्याच जिल्ह्यातलं एक गाव मदतीला येणार आहे.

पिएर आला होता शेजारच्या शिवारात

हा फक्त परदेशातला मामला नाही. एक पिएर आपल्या अगदी जवळ येऊन गेला आहे.

भूम आणि परंडा तालुक्यांच्या शेजारी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात खर्डा नावाचं गाव आहे. तिथला भुईकोट किल्ला तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल. ११ मार्च १७९५ रोजी, निजामाची फौज खर्ड्याहून परंड्याच्या दिशेने निघालेली असताना मराठ्यांशी तिची मोठी लढाई झाली. मराठे जिंकले. या लढाईत शिंद्यांच्या कवायती पलटणींचं नेतृत्व करत होता एक फ्रेंच अधिकारी. इतिहासात तो पेराँ म्हणून ओळखला जातो. त्याचं जन्मनाव होतं पिएर क्युलिए.

समोर निजामाच्या पलटणींवरही फ्रेंच अधिकारीच होता, रेमाँ. हे नाव जुन्या जर्मन कुळातल्या भाषांमधून फ्रान्समध्ये आलं. त्यातले दोन तुकडे आहेत, एकाचा अर्थ सल्ला आणि दुसऱ्याचा अर्थ रक्षण. हैदराबादच्या लोकांच्या तोंडी ‘मुस्यू रेमाँ’ म्हणजे रेमाँसाहेब हे काही बसेना. मग कुणी त्याला मूसा राम केलं, कुणी मूसा रहीम! हैदराबादेत मूसारामबाग नावाची वस्ती आजही आहे.

नाव एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलं की बदलतं, हे लक्षात ठेवा. पिएरचा माग काढताना ते उपयोगी पडणार आहे.

एका नावाची लांब वाट

पिएरची गोष्ट सुरू होते साधारण दोन हजार वर्षांपूर्वी, आजच्या इस्राएलमधल्या गालील सरोवराच्या काठावर. तिथे सिमोन नावाचा एक मासेमार राहत होता. तो येशू ख्रिस्ताचा शिष्य झाला. येशूने त्याला नवं नाव दिलं, केफा. तिथे बोलल्या जाणाऱ्या अरामी भाषेत केफा म्हणजे खडक. तू खडकासारखा भक्कम राहा, असा त्यामागचा भाव.

ही हकीकत ग्रीक भाषेत लिहिली गेली, तेव्हा केफा या नावाचा सरळ अर्थच घेतला गेला. ग्रीकमध्ये खडकाला म्हणत पेत्रा. त्यावरून पुरुषाचं नाव झालं पेत्रोस. रोमच्या लॅटिन भाषेत ते झालं पेत्रुस. पुढे ख्रिस्ती धर्म जिथे जिथे गेला, तिथे तिथे हे नाव गेलं. इंग्रजांनी त्याचं पीटर केलं, स्पेनच्या आणि पोर्तुगालच्या लोकांनी पेद्रो, इटलीवाल्यांनी पिएत्रो, रशियात प्योत्र, अरबीत बुत्रुस. मराठी बायबलात तो पेत्र आहे. गोव्यात पेद्रू भेटतो. आणि फ्रान्समध्ये झाला पिएर.

जरा थांबा. बाकीच्या नावांत ‘त’, ‘द’ किंवा ‘ट’ दिसतो. पिएरमधला ‘त’ कुठे गेला?

तेर सांगतं ‘त’ची गोष्ट

उत्तरासाठी पॅरिसला जायची गरज नाही. धाराशिवहून तेरला चला.

तेर म्हणजे संत गोरोबाकाकांचं गाव. पण ते गोरोबाकाकांच्याही शेकडो वर्षं आधीपासून नांदतं आहे. सातवाहनांच्या काळात ही मोठी बाजारपेठ होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची माहितीपुस्तिका लिहिली. तिला पेरिप्लस म्हणतात. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर एक फार मोठं शहर आहे आणि तिथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जातं, असं त्यात सांगितलं आहे. त्या शहराचं नाव त्याने लिहिलं, तगर. तेच आपलं तेर! तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या काळातल्या वस्तू आजही पाहायला मिळतात.

मग तगरचं तेर कसं झालं? मधला ‘ग’ गळला. तगर, तअर, तयर, तेर. असं फक्त एकाच गावाचं झालं असतं, तर आपण त्याला योगायोग म्हटलं असतं. पण नगरचंही तसंच झालं. नगर, नअर, नयर, नेर. म्हणून तर पारनेर, अमळनेर, जामनेर. पाद या संस्कृत शब्दातला ‘द’ गेला आणि पाय आला. घातमधला ‘त’ गेला आणि घाव आला.

हे का होतं? ‘ग’ म्हणून पाहा. जिभेची मागची बाजू टाळूला टेकते, क्षणभर हवा अडते, मग सुटते. ‘त’ म्हणताना जिभेचं टोक दातांना टेकतं. आता दोन स्वरांच्या मध्ये असा अडथळा आला आणि माणूस भरभर बोलत असला, की जीभ पुरती टेकत नाही. अडथळा सैल होतो. नातवंडं आजीकडून तो सैल उच्चारच शिकतात आणि त्यांची नातवंडं आणखी सैल. काही शतकांत ते अक्षर नाहीसं होतं. शब्द बिघडत नाही, गुळगुळीत होतो.

फ्रेंचमध्येही हेच घडलं. लॅटिनमध्ये बापाला पात्रेम म्हणत, फ्रेंचमध्ये झालं पेर. आई होती मात्रेम, झाली मेर. भाऊ होता फ्रात्रेम, झाला फ्रेर. म्हणजे ‘त्र’मधला ‘त’ गेला आणि ‘र’ उरला. याच नियमाने पेत्रुसचं पिएर झालं. तेरमध्ये जसा ‘ग’ हरवला, तसाच पिएरमध्ये ‘त’.

भाषेचा अभ्यास करणारे लोक असे नियम शोधतात. एक शब्द बदलला तर ती गंमत. पण एकाच जागचे अनेक शब्द एकाच रीतीने बदलले, तर तो पुरावा.

फसवे जुळे आणि न ओळखू येणारे भाऊ

आता तुमच्यातला एखादा हुशार मुलगा हात वर करील, ‘‘मला सापडलं! ग्रीकमध्ये पेत्रा आणि आपल्याकडे पाथर. पाथरवट म्हणजे दगड घडवणारा. पेत्रा, पाथर, सारखेच तर आहेत. म्हणजे शब्द एकच!’’

शाब्बास, शंका चांगली आहे. पण आता ती तपासायची. कानाला सारखं वाटणं हा पुरावा नाही. प्रत्येक शब्दाला त्याच्या सर्वांत जुन्या रूपापर्यंत मागे न्यायचं आणि तिथे दोघांची गाठ पडते का ते पाहायचं.

पाथर मागे जातो संस्कृतमधल्या ‘प्रस्तर’कडे. त्यात ‘स्तृ’ म्हणजे पसरणे हा धातू आहे. प्रस्तर म्हणजे मूळचं पसरलेलं काही, मग सपाट शिळा, मग दगड. पेत्राच्या जुन्या रूपात हा ‘स्त’ कुठेच नाही. दोघांची गाठ पडत नाही. हे नुसते दिसायला सारखे.

मग पाथरचा खरा नातलग कोण? ऐकून चकित व्हाल. ‘स्ट्रीट’! रोमन लोक दगड पसरून बांधलेल्या रस्त्याला ‘स्त्राता’ म्हणत. हा शब्द ‘स्तृ’च्याच कुळातला. त्यावरून इंग्रजीत स्ट्रीट आला. पाथर आणि स्ट्रीट यांच्याकडे पाहून कुणाला वाटेल का, की हे एका घरातले आहेत?

आणखी एक जोडी घ्या. आपल्या ‘पाय’ला फ्रेंचमध्ये म्हणतात ‘प्ये’. लिहिताना त्याच्या शेवटी ‘द’ असतो, पण तो उच्चारत नाहीत. आपला पाय आला पादपासून, त्यांचा प्ये आला लॅटिनमधल्या पेद-पासून, आणि पाद व पेद या दोघांचा पूर्वज एकच. दोघांचाही ‘द’ वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या काळी गळला! सायकलच्या पेडलमध्ये मात्र तो ‘द’ अजून ‘ड’ होऊन टिकून आहे. म्हणजे तुम्ही सायकल चालवता, तेव्हा पाय आणि पेडल हे दोन नातलगच एकमेकांना ढकलत असतात.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. पिएर आणि धोंडिबा यांचं शब्दाचं नातं आहे का? नाही. कुणी कुणाकडून घेतलं का? नाही. तिकडे हे नाव एका धर्मकथेतून आलं. मग इकडे ते कशातून आलं?

धोंडिबा का?

याचं एक उत्तर ऐकताना मन जरा जड होतं. पण ते माहीत असायला हवं.

शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात जन्मलेल्या दर ५ बाळांपैकी साधारण १ बाळ पहिल्या वाढदिवसापर्यंत जगत नसे. देवी, पटकी, गोवर, धनुर्वात, जुलाब, कितीतरी कारणं. दवाखाना दूर, लस नाही, औषध नाही. एखाद्या आईची दोन-तीन बाळं अशी गेली, की पुढच्या बाळाचं नाव ती मुद्दाम साधं, खडबडीत ठेवी. दगडू, धोंडू, केरू, भिकू. सुंदर नावाच्या बाळाला दृष्ट लागेल, पण दगडाकडे कोण बघणार, अशी समजूत होती. आणि त्यामागे एक इच्छाही होती. दगड उन्हात तापतो, पावसात भिजतो, पण असतो तिथे असतो. माझं बाळही तसंच राहू दे.

म्हणून ‘दगडू’ या नावाला कधी हसायचं नाही. ते नाव ठेवणाऱ्या आईने फार सोसलेलं असू शकतं.

दुसरं कारण आकाशातलं आहे! चंद्राचे बारा महिने मोजले, तर साधारण ३५४ दिवस होतात. पण पृथ्वीला सूर्याभोवती एक फेरी मारायला ३६५ दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो. दर वर्षी सुमारे ११ दिवसांची तफावत पडते. ती तशीच साठू दिली, तर दिवाळी हळूहळू सरकत भर पावसाळ्यात येईल. म्हणून साधारण ३३ महिन्यांनी आपल्या पंचांगात एक जास्तीचा महिना घालतात. तो अधिक महिना, म्हणजेच आपला धोंड्याचा महिना. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. या महिन्यात जावयाला जेवायला बोलावतात आणि पुरण भरलेले धोंडे करतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तर या धोंड्याच्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचं नावही काही घरांत धोंडू, धोंडिबा ठेवत.

गंमत म्हणजे फ्रान्समध्येही नावं कॅलेंडरमधून येत. तिथे वर्षातल्या एकेका दिवसाला एकेका संताचं नाव जोडलेलं असतं. २९ जून हा संत पिएरचा दिवस. १८०३ साली तिथे कायदाच झाला, की मुलांची नावं कॅलेंडरमधली किंवा प्राचीन इतिहासातली असावीत. आईवडिलांना हवं ते नाव ठेवण्याची मोकळीक पुरतेपणी १९९३ साली मिळाली. आणि बाळांचं दुःख तिकडेही कमी नव्हतं. खर्ड्याला आलेला पिएर जन्मला त्या काळात फ्रान्समध्ये दर ४ बाळांपैकी साधारण १ बाळ पहिल्या वर्षातच दगावत असे. आपल्या मुलाने टिकून राहावं, ही ओढ दोन्हीकडे सारखीच होती.

त्यांचा दगड, आपला दगड

पण पिएर म्हणताना फ्रेंच आईच्या डोळ्यांपुढे जो दगड येत असेल, तो आपला धोंडा नव्हे.

आपला धोंडा म्हणजे काळा कातळ, बेसाल्ट. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबलांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला लाव्हा वाहत आला. तो निवला, त्यावर नवा थर आला. असे थरांवर थर साचून दख्खनचं पठार आणि आपला बालाघाट तयार झाला. लाव्हा निवताना त्यातले बारीक स्फटिक एकमेकांत घट्ट अडकत गेले, म्हणून हा दगड इतका चिवट. धाराशिवची लेणी याच कातळात कोरली आहेत. नळदुर्गचा आणि परंड्याचा किल्ला याच दगडावर पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे.

पॅरिसच्या जुन्या इमारतींचा दगड मात्र फिकट, पिवळसर. तो चुनखडीचा. साधारण साडेचार कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. त्यातल्या जीवांचे शंखशिंपले तळाशी साचले, दाबले गेले आणि त्यांचा दगड झाला. म्हणजे आपला धोंडा आगीतून जन्मला आणि त्यांचा पिएर पाण्यातून!

दगडातून वीज काढणारा पिएर

धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले. पुढच्याच वर्षी, १८५९ साली पॅरिसमध्ये एक पिएर जन्मला, पिएर क्युरी. हो, मारी क्युरींबरोबर १८९८ साली पोलोनियम आणि रेडियम शोधणारे तेच. पण त्याच्याही आधी, १८८० साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी पिएरने आपला थोरला भाऊ जाक याच्याबरोबर एक शोध लावला होता. क्वार्ट्झसारखे काही स्फटिक दाबले, की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार तयार होतो. दगड नावाच्या मुलाला दगडात वीज सापडली!

स्वयंपाकघरातला बटण दाबून पेटवायचा गॅस लायटर बघा. ‘टक्’ असा आवाज येतो ना? आत एक छोटी हातोडी विशिष्ट प्रकारच्या स्फटिकमय तुकड्यावर आपटते, क्षणात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो आणि ठिणगी उडते. भिंतीवरच्या घड्याळावर ‘क्वार्ट्झ’ लिहिलेलं असतं, तेही यामुळेच. विजेने थरथरणारा स्फटिक त्यात सेकंद मोजतो.

आणि क्वार्ट्झ म्हणजे कुणी परका नव्हे. ओढ्यात सापडणारी पांढरी गारगोटी त्याच कुळातली. मोठ्या माणसाला सोबत घ्या, डोळे जपा आणि मिट्ट काळोखात दोन गारगोट्या एकमेकींवर जोरात घासा. आतून अंधूक उजेड उमटतो. तो जाळाचा नसतो. घासल्यामुळे स्फटिकातून निघालेला तो प्रकाश असतो.

आता दगडू का जन्मत नाहीत?

तुमच्या वर्गाच्या हजेरीपटात दगडू, धोंडिबा आहेत का? बहुधा नसतील. आर्यन, शौर्य, अनन्या असतील. फॅशन बदलली हे खरंच. पण तेवढंच कारण नाही.

देवीचा आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला. गोवर, धनुर्वात, पोलिओ यांच्या लसी गावागावांत पोचल्या. जुलाब झाला तर साखर-मिठाचं पाणी द्यायचं, हे घराघरांत कळलं. शंभर वर्षांपूर्वी ५ बाळांत १ बाळ जायचं, तिथे आज साधारण ४० बाळांत १ जातं. हेही थांबायलाच हवं. पण आईची भीती कितीतरी कमी झाली. बाळाला दगड म्हणून लपवायची गरज उरली नाही. एखादं नाव हजेरीपटातून नाहीसं होतं, तेव्हा त्यामागे एखाद्या लसीचाही हात असू शकतो!

आता तुमचं संशोधन सुरू करा. एक वही घ्या. आपल्या घरातल्या चार-पाच पिढ्यांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे जन्माचं साल, अंदाजे असलं तरी चालेल. नाव कुणी ठेवलं आणि का, हे थोरांना विचारून लिहा. तुळजाराम आणि अंबादास तुळजापूरच्या आईवरून आले असतील, गोरोबा तेरच्या काकांवरून. मग शेजारच्या दहा घरांत जा. दोन नावं सारखी वाटली, तर लगेच नातं जोडू नका. आधी मागे जा, जुनं रूप शोधा. नावाचा अर्थ विचित्र वाटला तर हसू नका, त्याच्यामागची गोष्ट विचारा.

आणि शेवटी या प्रश्नाचं उत्तर शोधा, तुमच्या गावात शेवटचा धोंडिबा कोणत्या साली जन्मला? मग गावातल्या आशाताईंना किंवा नर्सताईंना विचारा, गावात बाळांना लस टोचायला कधीपासून सुरुवात झाली? दोन्ही सालं शेजारी शेजारी लिहा आणि पाहा, ती एकमेकांच्या जवळ येतात का.